गाडीवाल्याचा मान

न्हाय न्हाय बाई, आनि चहा नको, एक कप बास झाला. तुमी बसा की. माज्यापायी उब्या ऱ्हाऊ नका, मला कसंनुसं व्हतंय. येतीलच हे आत्ता — तुमचे डॉक्टरसाहेब शेजारी बसलेत म्हंजे तुमालाबी काळजी न्हाय, आनि आमच्या मालकांच्या हातात स्टेरिंग हाय म्हंजे मला न्हाय. होटगीच्या अंगाला जाऊन येतो म्हनले, मोकळा रस्ता हाय तिकडं, गाडी कशी पळती ते कळंल. कळंल की. ह्यास्नी तर नुसत्या आवाजावरनं कळतंय. मगाशी बगितलं न्हवं तुमी, बसायच्या आदी सोताची पँट झटकली, मग खांद्यावरचा टावेल काढून सीट पुसली — सीट तुमची आरशावानी चकचकीत, तिला काय पुसायचंय! पन न्हाय. आपल्या अंगाची धूळ दुसऱ्याच्या गाडीला लागू नये. असा मानूस हाय बगा. ती बाहेर, गेटाच्या डाव्या अंगाला, निळी पट्टी मारलेली जीप उबी हाय न्हवं, ती आमची. तुमच्या वॉचमननं सांगितलं जरा पुडं घ्या, दारात बरं दिसत न्हाय. घेतली पुडं. वडापची हाय ती. वडाप ठावं हाय न्हवं तुमाला? — व्हय, तीच, हात केला की थांबती, मानसं भरून जाती. मोहोळ ते सोलापूर आनि सोलापूर ते मोहोळ. लगीन झालं तवापासनं आमच्या घरात हेच. लेकरांच्या शाळा ह्याच्यावर झाल्या, घरावरचा पत्रा जाऊन स्लॅब झाला तो ह्याच्यावर.

गाडी तुमची चांगलीच हाय, नावं ठेवायची न्हायत मला. दार लावलं की कसा आवाज येतोय, थप्प — आमच्या जीपचं दार लावायचं म्हंजे उचलून ढकलावं लागतंय. पन दोन लाख किलोमीटरच्या वर चालली म्हनं ही. साहेबांनी सोताच सांगितलं, लपवलं न्हाय, हे त्येंचं चांगलं. दर आटवड्याला आपरेशनला पुन्याला जायचं न् यायचं म्हंजे चालनारच की. म्या ह्यास्नी इचारलं, अवो, इतकी पळालेली गाडी घेत असत्यात का? तर म्हनले, दारात बसून सडल्यापरास पळालेली बरी. आमच्या जीपचा काटा तर कवाच बंद पडलाय, ती किती चालली कुनाला ठावं! म्हनून ह्यास्नी आकड्याचं भ्याव न्हाय. मला हाय. मला त्यातलं कळत न्हाय, पन इचारते आपलं — हिचं काय मोडलं तर मिस्त्री कुटं? — पुन्याला? बगा. आमचा मिस्त्री सिद्धप्पा, नाक्यावरच हाय, हाक मारली की जेवायचं ताट सारून येतो. आनि पार्ट? — त्योबी बाहेरनं मागवायचा? म्हंजे पार्ट येईस्तवर गाडी उबी, आनि आमी दोगं तिच्याकडं बगत बसायचं. शिवाय ही जमिनीला किती लागून हाय हो! आमच्या गल्लीच्या तोंडाला पोरांनी सोताच सिमिटाचा स्पीडब्रेकर घातलाय, त्येच्यावरनं जाताना पोट घासल्याबिगर ऱ्हायची न्हाय ही. हे समदं म्या ह्यास्नी सांगितलं का? न्हाय सांगितलं. का न्हाय सांगितलं? — तेच तर. म्हंजे तसं काय न्हाय. असंच आपलं. तुमी बसा तर आदी.

ही घ्यायची म्हंजे जीप द्यावी लागती बाई. गिऱ्हाईकबी बगून ठेवलंय ह्येनी, जेऊरचा हाय कोन तरी. जीप गेली की वडाप गेलं. ह्या असल्या गादीवर पायाचा चिकूल घेऊन कोन बसनार? आनि बसवायचं तरी कुनाच्या मांडीवर कुनाला? म्हनत्यात, ही लग्नाला लावीन, नवरदेव न्यायला. बरं, नवरदेव काय बारा म्हयने असत्यात? श्रावनात काय करायचं, भादव्यात काय करायचं? ते न्हाय बोलत. मीबी न्हाय बोलत. आमच्या दोगांचं सध्या असंच हाय — जे बोलायचं ते सोडून समदं बोलतो.

आनि वडाप म्हंजे नुसतं पोट भरायचं न्हाय बाई. मोहोळच्या स्टँडावर जाऊन इचारा, आता गाडी कुनाची? तर ह्येंचं नाव सांगतील. मी न्हाय घेनार नाव, मला घ्यायला लावू नका, आमच्यात मालकाचं नाव घेत न्हाईत, तोंडाला वळनच न्हाय. पन समदी दुनिया घेती. अमक्याची गाडी आली का, अमक्याच्याच गाडीनं ये गं, त्यो दारात सोडतो. हात दिसला की ह्येंचा पाय ब्रेकवर. गाडी भरलेली असू दे, आतली मानसं शिव्या घालू देत, म्हातारं मानूस हात करून उबं असलं की ह्यास्नी पुडं जाताच येत न्हाय. म्या लई भांडलेय ह्यावरनं. लेकरू तापानं फनफनलंय, आमी दवाखान्याला निगालोय, तरी थांबले — एका म्हातारबाला घेतलं. म्या म्हनलं, हात करनारं समदंच पावनं व्हय तुमचं? तर म्हनले, त्येनं हात केला गं, आता त्यो वळखीचा झाला. त्या म्हाताऱ्यानं दवाखान्यात लेकराला मांडीवर घेतलं, रांगंत मी उबी व्हते तवर. ते जाऊ दे.

मग असलं चांगलं चाललेलं सोडून ही गाडी कशाला, असंच इचारताय न्हवं तुमी? न्हाय, तोंडानं न्हाय इचारलंत, पन डोळ्यात दिसतंय की. पांढरी गाडी बगून कुनाचं मन व्हत न्हाय? मानसाला हौस असती. तेवढंच. हौसच म्हनायची.

बाई, तुमच्यात लग्नात जावयाला फेटा बांदत्यात का? — आमच्यात तर पैला फेटा जावयाला. त्येच्या आदी कुनाच्या डोक्याला हात लागत न्हाय. गेल्या उन्हाळ्यात माज्या भावाच्या लेकीचं, अंकिताचं, लगीन झालं. टेंभुर्णीला, नवऱ्याकडच्यांच्या गावात. मी मुलीची सख्खी आत्या, म्हंजे आमचे हे त्या घरचे थोरले जावई. आनि थोरला जावई लग्नाच्या दिशी करत काय व्हता? तर मोहोळहून बायका-पोरं जीपमदी भरून टेंभुर्णीला सोडत व्हता! सतीश, माजा भाऊ, म्हनला, दाजी, भाड्यानं एखादी गाडी सांगतो, तुमी नका राबू. हे म्हनले, घरची गाडी असताना? झालं. एक खेप टाकली, परत आले, दुसरी टाकली, परत आले. मी शेवटच्या खेपंला ऱ्हायले, ह्येंच्यासंगं जावं म्हनून. आनि बसले कुटं? मागं. पुडं ह्येंच्या शेजारची जागा मोकळी व्हती. पन नवी साडी, पुडं इंजिनाचं गरम लागतंय, म्हनून मागं बसले. — खोटं हाय बाई. खोटं बोलतेय मी. पुडं बसलं की वडापवाल्याची बायको दिसती. मागं बसलं की बाईमानूस पॅसिंजर दिसतंय, कुनाचं कोन ते कळत न्हाय. हे माज्या मनात व्हतं. तवा मला सोताला कळलं न्हवतं, आज तुमच्या म्होरं बोलताना कळतंय.

कार्यालयाच्या दाराम्होरं ह्या असल्याच गाड्या, काळ्या न् पांढऱ्या, एकीला झाकावं न् दुसरीला काढावं. त्यात आमची जीप, टपावर भांड्याची पोती. हे उतरले. शर्ट घामानं पाटीला चिकटलेला, बाहीनं तोंड पुसत व्हते. दारात नवरदेवाची आत्या उबी व्हती. लई गोड बाई, तिच्याकडं बोट दाखवायला जागा न्हाय. तिनं माज्या हाताला अत्तर लावलं, गुलाबपानी शिपडलं, कुंकू लावलं, तुमी मुलीच्या आत्या व्हय, या या, आनि ह्येंच्याकडं बगून म्हनाली, हे कोन? आनि म्या म्हनलं — ड्रायव्हर.

बोला. खोटं हाय का? न्हाय. ड्रायव्हरच हायेत की. लायसनवर तेच हाय. रोज सकाळी उटून तेच करत्यात. एक शब्द, तोबी खरा. पन बाई, माज्या तोंडातनं त्यो बाहेर पडला आनि माजा मलाच ऐकू आला, दुसऱ्याच कुनी बोलल्यागत. आनि हे हितं, हे असं हातभरावर उबे व्हते. ऐकलं त्येनी. ती आत्या बिचारी मानानंच वागली, म्हनाली, ड्रायव्हरदादा, गाडी मागच्या अंगाला लावा, गाडीवाल्यांची पंगत शेडात हाय, जेवल्याबिगर जाऊ नका हां. ह्येनी माज्याकडं बगितलं. रागानं न्हाय. रागानं बगितलं असतं तर बरं झालं असतं, मी काय तरी बोलले असते. उतारू भाडं द्यायचं इसरून चाललं की हे जसं बगत्यात, सांगावं का ऱ्हाऊ द्यावं — तसं बगितलं. आनि म्हनले, बरं ताई. जीप मागं घेतली.

जाऊन सांगायचं न्हवतं का मी? अवो ताई, माजी चेष्टा हाय, हे आमचे मालक हायेत, असं हसून म्हनलं असतं तर समदं धुऊन निगालं असतं. म्या म्हनलं, अक्षता पडू देत, मग सांगते. अक्षता पडल्या. म्या म्हनलं, पंगत उटू दे. पंगत उटली. सतीश येऊन इचारतोय, दाजी कुटं हायेत, फेटा बांदायचाय. म्या म्हनलं, गाडीजवळ असतील. हेबी खरंच! त्या दिशी मी एक शब्द खोटा बोलले न्हाय बगा. बायकांत उखाने चालले, समद्या आत्या-मावश्यांनी नाव घ्यायचं. माजी पाळी आली, म्या म्हनलं, मला येत न्हाय. मला! आमच्या आळीत कुनाचं लगीन असलं की पोरी उखाने शिकायला माज्याकडं येत्यात. पन नाव घेतलं की पुडचा प्रश्न आलाच असता, कुटं हायेत तुमचे मालक, दाखवा की. आनि मालक तिकडं शेडात, ड्रायव्हर लोकांच्या पंगतीत, पत्रावळ पुडं घेऊन बसलेले. मी भिताडाच्या आडनं बगितलं. दुसऱ्या ड्रायव्हरला वाडत व्हते. हसत व्हते.

निगताना त्या आत्यानं गाडीवाल्यांचा मान केला. रीत हाय तिकडं, परगावच्या गाडीवाल्यांस्नी टावेल आनि नारळ द्यायचा, मोकळं पाटवायचं न्हाय. समद्यांस्नी दिला, ह्यास्नीबी दिला, कुंकू लावून. फेट्याचा मान असलेल्या मानसानं वाकून टावेल घेतला. त्योच टावेल बाई. मगाशी तुमच्या गाडीची सीट पुसली न्हवं, पिवळ्या काटाचा — त्योच. रोज खांद्यावर असतो. रोज काच पुसत्यात त्येनं, तोंड पुसत्यात. आनि रोज मी धुते. इतका आपटला, इतका पिळला, पन मेला इरत न्हाय.

न्हाय, काय बोलले न्हाईत. तेच तर म्हनते, काय बोलले असते तर! वाटंत गाडी थांबवली, नारळ फोडला, मागच्या बायकांस्नी खोबरं वाटलं. मलाबी दिलं. मी खाल्लं. घरी आलो, झोपलो, सकाळी उटून स्टँडावर गेले. आनि मला वाटलं, इसरले. पुरुषमानसं ध्यानात ठेवत न्हाईत असलं, म्या मनाची समजूत घातली. मग परवा संध्याकाळी आले ते अंगनातनंच हाक मारत. सोलापूरला एक डॉक्टर हायेत, त्येंची गाडी द्यायची हाय, आपन बगून येऊ. कसली गाडी? तर असली असली. म्या म्हनलं, कशाला? तर म्हनले, अंकिताचं डोहाळजेवन हाय न्हवं टेंभुर्णीला, त्येला जाऊ ह्या गाडीनं. तू मागं बस ऐसपैस. आनि हसून म्हनले — हसून बरं का बाई, टोमना मारायचा सबाव न्हाय त्येंचा — म्हनले, ह्या गाडीचा ड्रायव्हर म्हनून सांगितलंस तरी शोभंल.

आता सांगा. ह्या मानसाला मी कोनत्या तोंडानं सांगू, की गाडी नको?

नको म्हनलं तर त्येस्नी वाटंल, हिला वाटतंय मला ही गाडी झेपायची न्हाय. घ्या म्हनलं तर जीप गेली, वडाप गेलं, आनि म्हातारपनी दुसऱ्याचं नवरदेव वाहत हिंडायचं. म्हनून बाई — तुमच्याकडं काम हाय माजं. त्येच्यासाटीच मी मगाशी म्हनलं, तुमी दोगं जाऊन या, मला गाडीत मळमळतंय, मी बसते बाईंजवळ. मला काय मळमळत न्हाय. वडापवाल्याची बायको मी. तुमी एवडंच करा, हे आले की म्हना, गाडी दुसऱ्या कुनाला शब्द दिलाय. पुन्याच्या मानसाला. फोन आलता आत्ताच. एक वाक्य. साहेबांस्नी मागनं सांगा, ते समजून घेतील. तुमाला काय, दुसरं गिऱ्हाईक मिळंल. आमच्या घरातलं मात्र — तुमी असं बगू नका हो माज्याकडं. म्हाईत हाय मला, तुमाला खोटं बोलायला लावतेय. पन तुमचं एक खोटं माज्या एका खऱ्यापरास लई बरं ठरंल.

आनि आनखी एक सांगू? मलाबी पायजे ती गाडी. व्हय. मगाशी साहेबांनी मागचं दार उगडून दाखवलं न्हवं, मी बसले, आनि डोळ्याम्होरं काय आलं ठावं हाय का? टेंभुर्णीच्या कार्यालयाचं दार. ती आत्या. मी उतरतेय, आनि ती इचारतीय, हे कोन? आनि पुडं काय? पुडचं मला दिसलं न्हाय बाई. मी गाडीतनं उतरले तेवडंच दिसलं. ह्येंच्या तोंडाकडं बगायचंच इसरले मी, मनातल्या मनातसुद्दा. गाडी काळी असू दे, पांढरी असू दे, मी मागं आनि हे पुडं — म्हंजे बदललं काय?

आनि आत्ता काय करतेय मी? तुमच्या तोंडानं त्येस्नी न्हाय म्हनायला लावतेय. तवा त्या आत्याच्या तोंडानं शेडात पाटवलं, आता तुमच्या तोंडानं. ह्येंच्या पाटीमागं, ह्येंच्याच गाडीत बसून हितं आले, आनि परक्या बाईला सांगतेय की ह्यास्नी माघारी लावा. ऱ्हाऊ द्या बाई. न्हाय, सांगा. न्हाय — थांबा, मला काय सुचंना. तुमी काय तरी बोला की. तुमी तरी—

हॉर्न वाजला. आले. त्येंचाच हात हाय, हे असं दोनदा टुक-टुक ह्येच वाजवत्यात, स्टँडात शिरताना. बाई, म्या काय बोलले न्हाय हां तुमाला. डोळं पुसते थांबा. दिसत न्हाय न्हवं काय?

अगं आई. गाडीत कोन हाय ते? मागं — एक म्हातारी हाय, आनि शेजारी शाळंची पोरगी दप्तर घेऊन. आनि साहेबांच्या मांडीवर काय हाय? — पाटी? वांग्याची पाटी! अवो बाई, तुमच्या साहेबांच्या मांडीवर वांगी दिलीत ह्येनी! हात केला असनार म्हातारीनं रस्त्यावर. हात दिसला असनार. साहेबांस्नी इचारलं असंल की, न्हाय असं न्हाय, पन उत्तर यायच्या आदी गाडी थांबलेली असनार! असली गाडी, असली गादी, एसी लावलेला, पन पाय ब्रेकवर गेलाच. अवो — काय करू मी ह्या मानसाचं! न्हाय बाई, मी हसत न्हाय. हसतेय व्हय मी? हसू दे. तुमी तोंड वाकडं करू नका, सीट खराब झाली असंल तर मी पुसते. साहेब बगा की, साहेबसुद्दा हसत्यात.

या आजी, जपून उतरा, ही खाली लागती गाडी. कानडी हाय वाटतं म्हातारी, ह्यास्नी तम्मा तम्मा म्हनतीय, धाकट्या भावाला म्हनत्यात तसं. काय म्हनताय आजी? — कुनाला? मला? — डायवर लई गुनाचा गावलाय म्हनताय? मला?

न्हाय आजी.

न्हाय. डायवर न्हाय. म्हंजे हायेत, डायवर हायेत, वडाप चालवत्यात, रोज चालवत्यात, मोहोळ ते सोलापूर. पन ते माजे मालक हायेत. नवरा माजा. अभिमन्यू नाव हाय त्येंचं. अभिमन्यू रावजी. मोहोळच्या स्टँडावर कुनालाबी इचारा, अभिमन्यूची गाडी कुटं हाय, दाखवतील. तिच्यात मी बसते. — काय बगताय अवो? तोंड उगडं टाकून काय बगताय? नाव घेतलं म्हनून? घेतलं. बिगर उखान्याचं घेतलं. घ्यायच्या टायमाला घेतलं न्हाय, आता घेतलं.

साहेब, गाडी तुमची लई चांगली हाय, पन आमाला नको. न्हाय, मोडंल म्हनून न्हाय, किलोमीटरचंबी काय न्हाय, दुसऱ्या कुनाचा फोनबी आलेला न्हाय. मीच नको म्हनते. — तुमी गप बसा, का ते वाटंत सांगते. समदं सांगते. तुमाला ठावं हाय तेच सांगनार हाय, पन माज्या तोंडानं ऐका. आनि टेंभुर्णीला डोहाळजेवनाला जीपनंच जायचं, दाराम्होरं लावायची, मागं शेडाकडं न्यायची न्हाय. मी पुडं बसनार. आजी, तुमी कुटं, सात रस्त्याला न्हवं? चला, सोडतो. पाटी माज्याकडं द्या. तुमी न् ही पोरगी मागं बसा, पुडची जागा माजी हाय.

थांबा बाई, सीटवर माती सांडलीया. अवो, त्यो टावेल द्या हिकडं. द्या म्हनते न्हवं. — हां. झालं बगा, जशीच्या तशी. ह्यो टावेल ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच, गाडी पुसायला बरा हाय. धुतलेला हाय, सकाळीच धुतलाय. आमाला नको त्यो आता. येतो आमी. गेट लावून घ्या.